नवा लॉट, जुनं लोड: गोळ्या जुळतात की नाही हे कसं तपासायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ६.५ क्रीडमोर या रायफलच्या काडतुसासाठी १४० ग्रेनच्या (ग्रेन हे वजनाचं छोटं एकक) मॅच, म्हणजे स्पर्धेच्या गोळ्यांचा एक लॉट, एका नंबरखाली बनलेला माल, संपत आलाय. त्याच कंपनीच्या त्याच गोळीचा नवा डबा उघडलात, तर गोळीचं बेस-टू-ओजाइव्ह माप, म्हणजे तळापासून ओजाइव्हवरच्या (नाकाच्या वक्र भागावरच्या) ठराविक व्यासापर्यंतची लांबी, सरासरी ६ थाऊ (इंचाचे हजारावे भाग) जास्त येतंय. वजन मात्र जुळतंय. १००० यार्डांसाठी मेहनतीने ठरवलेलं लोड (किती पावडर आणि गोळी किती खोल, याचा मेळ) आता पुन्हा पहिल्यापासून करायचं का?

बहुधा नाही. पण हे ६ थाऊ खरे आहेत का, आणि खरे असतील तर गोळीच्या कोणत्या भागात आहेत, हे कळल्याशिवाय त्या आकड्याला काही अर्थ नाही. तळाकडच्या ६ थाऊंनी तुमच्या लोडला जवळजवळ काहीच होत नाही. नाकाकडचे ६ थाऊ मात्र लोड बिघडवू शकतात, आणि गोळी लँड्सच्या (बॅरलमधल्या सर्पिल खाचांमधल्या उंचवट्यांच्या) अगदी जवळ बसवत असाल तर दाबही वाढवू शकतात.

आधी आकड्याच्या खरेपणाकडे वळू. जुन्या लॉटचं माप तुम्ही वहीतून घेतलंय आणि नव्याचं आज घेतलंय, असं तुमच्या लिहिण्यावरून दिसतं. ही तुलना मी धरत नाही. कम्पॅरेटरचा इन्सर्ट (ओजाइव्हवर टेकणारा, छिद्र असलेला तुकडा) कॅलिपरच्या जबड्यावर स्क्रूने कसला जातो. तो काढून पुन्हा बसवला, किंचित तिरका बसला, कॅलिपर वेगळ्या ठिकाणी शून्य केला, की एक-दोन थाऊ सहज सरकतात. इन्सर्ट बदलला असेल तर बघायलाच नको. एकाच कंपनीचे, एकाच नंबरचे दोन इन्सर्टसुद्धा छिद्राच्या कडेत इतके वेगळे असतात की त्यांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. बेस-टू-ओजाइव्ह हे तुमच्या इन्सर्टपुरतं, तुलनेसाठी घेतलेलं माप आहे. दुसऱ्याच्या आकड्याशी ते ताडून पाहण्यात वेळ घालवू नका.

म्हणून जुन्या लॉटच्या उरलेल्या गोळ्यांपैकी दहा आजच बाजूला काढा आणि त्या कधीही उडवू नका. छोट्या डबीत ठेवा, डबीवर लॉट नंबर लिहा. नवा लॉट मोजताना आधी या दहा मोजायच्या, मग नव्या, आणि शेवटी पुन्हा या दहा. एकाच बैठकीत, एकाच इन्सर्टने, एकाच हाताने. पहिल्या आणि शेवटच्या मोजणीत या दहा गोळ्यांची सरासरी अर्ध्या थाऊच्या आत जुळली, तर मधल्या आकड्यांवर विश्वास ठेवता येतो. लॉट बदलताना यापेक्षा उपयोगी सवय मला माहीत नाही, आणि तिला पैसेही लागत नाहीत. जुना लॉट पूर्ण संपल्यावर मात्र ही सोय कायमची जाते.

त्याआधी स्वतःचा हात तपासा. एकच गोळी घ्या, जबड्यातून काढून पुन्हा ठेवत ती दहा वेळा मोजा आणि आकडे न बघता कुणाला तरी लिहून घ्यायला सांगा. साध्या डिजिटल कॅलिपरचा पडदा अर्धा थाऊ दाखवतो, पण त्याची अचूकता बहुधा १ थाऊच्या पुढे-मागे असते. तुमचे दहा आकडे २ थाऊमध्ये पसरले असतील, तर गोळ्यागोळ्यांतला १ थाऊचा फरक तुम्हाला दिसणारच नाही, दिसेल तो अंगठ्याच्या दाबातला फरक. गोळीचा तळ जबड्यावर सपाट टेकतोय ना हे बघा, गोळी इन्सर्टमध्ये थोडी फिरवून बसवा, जबडे आणि गोळी दोन्ही पुसून घ्या. डबे थंड खोलीतून आणले असतील तर गोळ्या, कॅलिपर आणि मायक्रोमीटर एकाच तापमानाला येऊ द्या. लांबीच्या मापात १० अंश सेल्सियसने जेमतेम पाव थाऊचा फरक पडतो, पण व्यास मोजताना आपण थाऊच्या दहाव्या भागाबद्दल बोलत असतो.

आता नमुना. डब्यातल्या वरच्या थरातल्या पाच गोळ्या मोजून लॉटबद्दल मत बनवू नका. जितके डबे असतील त्या सगळ्यांतून मिळून तीस गोळ्या काढा. गोळ्यागोळ्यांतला फरक, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, १ थाऊ असेल तर तीस गोळ्यांच्या सरासरीतली अनिश्चितता सुमारे ०.२ थाऊ राहते. म्हणजे ६ थाऊ काय, १ थाऊचा फरकही स्पष्ट दिसेल.

पण फक्त सरासरी काढून थांबू नका. तीस आकडे कागदावर रांगेने मांडा, प्रत्येक मापासमोर एकेक फुली. फुल्यांचा एकच उंचवटा दिसला तर उत्तम. दोन उंचवटे दिसले तर तुमच्या हातात कागदावर एक, पण प्रत्यक्षात दोन लॉट आहेत. याचं कारण गोळी बनते त्या पद्धतीत आहे. बहुधा ९५ टक्के तांबं आणि ५ टक्के जस्त असलेल्या पत्र्याची वाटी ओढून जॅकेट तयार होतं, त्यात शिशाचा गाभा दाबून बसवतात आणि शेवटच्या डायमध्ये (साच्यात) दाबून नाकाला ओजाइव्हचा आकार देतात. मोठ्या उत्पादनात हे शेवटचं काम एकाहून अधिक प्रेसवर, एकाहून अधिक डायमध्ये चालू शकतं आणि सगळा माल एकाच पेटीत पडू शकतो. प्रत्येक डायचा आकार केसभर वेगळा असतो. शिवाय डाय झिजतो, पॉलिश होतो, कधी बदलला जातो. जॅकेटची जाडी, शिशाच्या तारेचा कडकपणा, वंगणाचं प्रमाण, सगळं त्यात मिसळतं. लॉट नंबर एकच असूनही दोन उंचवटे दिसले, तर त्या दोन गटांना वेगळं करणं हे सगळ्या सॉर्टिंगमधलं सर्वांत फायद्याचं काम आहे. दोन गटांची सरासरी काढून मधल्या आकड्यावर गोळी बसवायचा (सीटिंग) डाय लावला, तर ते लोड कुठल्याच गटाला नीट बसत नाही.

समजा उंचवटा एकच आहे आणि ६ थाऊ खरे ठरले. मग ते कुठे आहेत?

गोळीची एकूण लांबीही त्याच तीस गोळ्यांवर मोजा. पोकळ टोकाच्या गोळ्यांची टोकं ओबडधोबड असतात, त्यामुळे एकेका गोळीची लांबी बरीच वरखाली होईल, पण सरासरी बोलते. एकूण लांबीही सुमारे ६ थाऊने वाढली असेल तर नाक बहुतेक तसंच आहे आणि वाढ तळाच्या बाजूला आहे: बोटटेल (तळाकडचा निमुळता भाग) लांब, किंवा बॅरलला घासणारा सरळ भाग लांब. एकूण लांबी तीच असेल आणि बेस-टू-ओजाइव्ह वाढलं असेल, तर ओजाइव्ह टोकाकडे सरकलाय, नाक आखूड आणि गुबगुबीत झालंय. सरळ भाग मोजायला कॅलिपरच्या दोन्ही जबड्यांवर इन्सर्ट लावा, एक ओजाइव्हसाठी आणि एक बोटटेलसाठी. इथेही खरा आकडा मिळणार नाही, पण जुन्या दहा गोळ्यांशी तुलना पक्की होईल.

यापुढचा मुद्दा बरेच अनुभवी लोडरही सोडून देतात. सीटिंग डायमधला स्टेम (गोळी काडतुसात दाबणारा दांडा) गोळीच्या तळाला किंवा ओजाइव्हच्या खांद्याला टेकत नाही. तो टेकतो नाकावर, टोकाच्या थोडं खाली. म्हणजे डाय जागचा हलवला नाही, तर नाकावरचा तो टेकण्याचा बिंदू प्रत्येक काडतुसात त्याच उंचीवर येतो. त्या बिंदूपासून लँड्सना भिडणाऱ्या ओजाइव्हपर्यंतचं अंतर दोन्ही लॉटमध्ये सारखं असेल, तर गोळी ६ थाऊ लांब असली तरी जंप (लँड्सना भिडेपर्यंत गोळीला कापावं लागणारं अंतर) तीच राहते. जास्तीची लांबी फक्त केसच्या (काडतुसाच्या पितळी नळीच्या) आत जाते.

आणि आत जाऊन ती किती जागा खाते? ०.२६४ इंच व्यासाची गोळी ६ थाऊ खोल गेली तर सुमारे ५.४ घन मिलिमीटर जागा कमी होते, पाण्याच्या मापात ०.०८ ग्रेन. ६.५ क्रीडमोरच्या केसमध्ये साधारण ५२-५३ ग्रेन पाणी मावतं. म्हणजे जेमतेम ०.१६ टक्के. एकाच डब्यातल्या दोन केसमध्ये यापेक्षा जास्त फरक असतो. याच्यासाठी लोड पुन्हा करू नका.

तर मग कसोटी अशी घ्या. प्रायमर (ठिणगी देणारी टोपी) आणि पावडर नसलेल्या, तुमच्या नेहमीच्या पद्धतीने साइझ केलेल्या (डायमध्ये दाबून पुन्हा मापात आणलेल्या) केस घ्या. डायला हात न लावता पाच केसमध्ये जुन्या गोळ्या बसवा, पाचमध्ये नव्या. आता काडतुसाच्या तळापासून ओजाइव्हपर्यंतचं माप घ्या. दोन्ही पाचांची सरासरी १ थाऊच्या आत जुळली, तर जंपची काळजी मिटली. फरक आला तर तो गोळीवर मोजलेल्या ६ थाऊंइतका असेलच असं नाही, २ असेल, ४ असेल. डाय दुरुस्त करायचा तो याच फरकाने. गोळीच्या मापातला फरक थेट डायवर उतरवणं ही या विषयातली सर्वांत जास्त दिसणारी गल्लत आहे. जंप बदललीच नव्हती तिथे ती मुद्दाम बदलली जाते आणि मग लोड बिघडलं म्हणून गोळीला दोष दिला जातो.

नाकाचा आकारच बदलल्याचा संशय असेल तर एक पाऊल पुढे जावं लागतं. कम्पॅरेटरचं छिद्र तुमच्या बॅरलच्या लँड्सच्या व्यासाशी तंतोतंत जुळत नाही. ६.५ मिलिमीटरच्या बॅरलमध्ये लँड्सचा व्यास नाममात्र ०.२५६ इंच असतो, इन्सर्टचा बहुधा काही वेगळाच. ओजाइव्हची वक्रता बदलली की इन्सर्ट एक सांगतो आणि बॅरल दुसरंच अनुभवतं. यावर उपाय म्हणजे बॅरललाच विचारणं. बोल्टमधून (चेंबर मागून बंद करणाऱ्या भागातून) फायरिंग पिन आणि केस बाहेर फेकणारा इजेक्टर काढा. रिकाम्या केसमध्ये नवी गोळी मुद्दाम लांब बसवा, बोल्ट बंद करून बघा, आणि एकेक-दोन थाऊ आत दाबत जा. ज्या मापाला बोल्टचं हँडल अडथळ्याशिवाय आपसूक खाली पडतं, तिथे गोळी लँड्सना टेकायची थांबली. जुन्या गोळीनेही हेच करा. या दोन मापांतला फरक हाच तुमच्या रायफलसाठी खरा फरक.

तुम्ही २० थाऊ किंवा त्याहून जास्त जंप ठेवत असाल तर इथले दोन-तीन थाऊ बहुतेक वेळा लक्ष्यावर दिसतही नाहीत. पण गोळी लँड्सना टेकवून किंवा ५ थाऊवर ठेवत असाल, तर नवा लॉट तुमच्या नकळत लँड्समध्ये रुतलेला असू शकतो. रुतलेली गोळी सुरुवातीचा दाब वाढवते. लोड आधीच वरच्या टोकाला असेल तर हे धोक्याचं आहे. अशा वेळी पावडर कमी करून, दाबाच्या खुणा बघत पुन्हा वर यायचं, यात तडजोड नाही. व्हीएलडी (हवेचा अवरोध फार कमी असलेल्या) प्रकारच्या, सीकंट ओजाइव्हच्या (नाकाचा वक्र सरळ भागाला कोन करून मिळतो अशा) गोळ्या जंपबाबत जास्त हळव्या असतात. त्या वापरत असाल तर ही तपासणी टाळू नका.

वजनाबद्दल तुम्ही निश्चिंत दिसता, म्हणून सांगतो. वजन सर्वांत सोपं मोजता येतं, म्हणून सगळे तेच मोजतात, पण लॉट तुलनेत ते सर्वांत कमी सांगतं. १४० ग्रेनच्या गोळीत ०.३ ग्रेनचा फरक म्हणजे ०.२ टक्के. जड गोळी साधारण ३ फूट प्रति सेकंदाने हळू निघेल, पण तिचा बॅलिस्टिक कोएफिशंट (हवा कापण्याची क्षमता दाखवणारा आकडा) तितक्याच टक्क्यांनी वाढेल, आणि हे दोन परिणाम एकमेकांविरुद्ध जातात. १००० यार्डांवर हाती उरतो तो अर्ध्या इंचाहून कमी फरक. वजन जुळलं म्हणून लॉट जुळला असं होत नाही, आणि वजन थोडं हललं म्हणून लॉट वाईटही ठरत नाही. एखादी गोळी बाकीच्यांपेक्षा ग्रेनभर वेगळी भरली तर मात्र तिला बाजूला काढा, तिच्या आत काहीतरी चुकलंय. तराजू अर्धा तास आधी चालू करून ठेवा आणि मध्येमध्ये तपासणीचं वजन ठेवून बघा. स्ट्रेन गेजचे इलेक्ट्रॉनिक तराजू तासाभरात ०.१ ग्रेन सहज वाहवतात.

व्यास थाऊच्या दहाव्या भागापर्यंत दाखवणाऱ्या मायक्रोमीटरनेच मोजा, कॅलिपर इथे निरुपयोगी आहे. बोटटेलच्या जरा पुढे एकदा, गोळी ९० अंशांत फिरवून पुन्हा एकदा. दोन लॉटमध्ये ०.०००२ ते ०.०००३ इंचांचा फरक आला तर केसच्या मानेची पकड थोडी बदलेल आणि गोळी बसवताना हाताला ते जाणवेल. सीटिंगची ताकद अचानक वेगळी लागू लागली तर ती नोंद आकड्यांइतकीच मोलाची समजा.

तळ मात्र भिंगातून बघाच. अमेरिकन डॉक्टर फ्रँकलिन मान यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी गोळ्यांची नाकं आणि तळ मुद्दाम बिघडवून गोळ्या झाडून पाहिल्या होत्या. त्यांना दिसलं की नाकाची मोडतोड गोळी बऱ्यापैकी सोसते, तळाची सोसत नाही. गोळी बॅरलमधून सुटताना मागचा वायू तळाच्या कडेवरून निसटतो. कड एका बाजूला दबलेली असेल तर तो धक्का एकसारखा बसत नाही. कॅलिपरने हे दिसत नाही, डोळ्यांना दिसतं. नव्या लॉटच्या तीस गोळ्यांत दोन-तीन तळ दबलेले निघाले, तर मी लांबीतल्या फरकापेक्षा याची चिंता जास्त करेन.

आता टोक. टोकाचा सपाट भाग, म्हणजे मेप्लॅट, दोन लॉटमध्ये रुंद-अरुंद झाला तर हवेचा अवरोध बदलतो. तुमच्यासारख्या लोडमध्ये, २७५० फूट प्रति सेकंदाच्या आसपास, बॅलिस्टिक कोएफिशंट एक टक्का बदलला तर १००० यार्डांवर उंचीत दोन इंचांच्या जवळपास फरक पडतो. एफ-क्लास या लांब पल्ल्याच्या नेमबाजीतल्या १००० यार्डांच्या लक्ष्यावर सर्वांत आतली एक्स रिंग पाच इंचांची आणि दहाची रिंग दहा इंचांची असते. त्यामुळे दोन इंच दुर्लक्ष करण्याजोगे नाहीत. पण लक्षात घ्या, सगळा लॉट सारख्याच प्रमाणात बदलला असेल तर तो फक्त दुर्बिणीवरच्या एका-दोन क्लिकचा प्रश्न आहे. लक्ष्यावरचा गट मोठा होतो तो एकाच लॉटमध्ये टोकं एकसारखी नसतील तेव्हा. टोकं छाटून समान करता येतात किंवा पॉइंटिंग डायने टोकदार करता येतात. छाटल्याने कोएफिशंट काही टक्के घटतो, टोकदार केल्याने वाढतो. ६०० यार्डांच्या आत मला या कामाचा मोबदला दिसत नाही.

टेबलावरचं काम इथे संपतं. आता झाडून बघा. बाकी सगळं तेच ठेवून, तोच पावडरचा लॉट, तेच प्रायमर, तितक्याच वेळा वापरलेल्या केस, दोन्ही लॉटची वीस-वीस काडतुसं भरा. क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) एक जुनी, एक नवी, अशी आळीपाळीने झाडा. आधी सगळ्या जुन्या आणि मग सगळ्या नव्या झाडल्या, तर बॅरल तापणं आणि मळणं यांचा परिणाम नव्या लॉटच्या माथी बसतो. तुमच्या लोडचं स्टँडर्ड डेव्हिएशन ८ फूट प्रति सेकंद असेल, तर दहा-दहा गोळ्यांच्या तुलनेत ७ फुटांच्या आतला फरक हा निव्वळ योगायोग असू शकतो. वीस-वीस झाडल्या तर ही मर्यादा ५ फुटांपर्यंत खाली येते. पाच-पाच गोळ्या झाडून "नवा लॉट १० फुटांनी वेगवान आहे" असं म्हणणाऱ्यांचं मी ऐकत नाही. दहा फुटांचा फरक १००० यार्डांवर अडीच इंचांच्या आसपास पडतो, तेव्हा तो ठामपणे कळणं महत्त्वाचं आहे. वेग खरोखर बदललेला निघाला आणि जंप सारखीच असेल, तर सरळ भागाची लांबी किंवा व्यास याकडे पुन्हा बघा. पावडर किंचित बदलून जुन्या वेगावर येणं हाच मार्ग, मात्र वेग कमी झाला म्हणून पावडर वाढवताना दाबाच्या खुणा बघूनच.

शेवटी दोन्ही लॉट लांब अंतरावर, वारा कमी असताना, दोन वेगळ्या लक्ष्यांवर झाडा आणि फक्त उभा पसारा मोजा. आडवा पसारा वाऱ्याचा असतो, तो इथे काही सिद्ध करत नाही. दोन्हींचा उभा पसारा सारखा आणि मध्यबिंदू एकाच उंचीवर असेल तर नवा लॉट जुन्या लोडवर तसाच चालवा. पसारा सारखा पण मध्यबिंदू सरकलेला असेल तर झिरो (दुर्बिणीची मूळ जुळणी) आणि तुमच्या ड्रॉप टेबलमधला (कुठल्या अंतरावर गोळी किती खाली येते त्या तक्त्यातला) आकडा बदला, लोड नको. पसाराच वाढला असेल तरच सीटिंगची चाचणी पुन्हा घ्या, ३ थाऊंच्या पायऱ्यांनी, जुन्या जंपच्या दोन्ही बाजूंना. पावडरला शेवटी हात लावा.

तोपर्यंत दोन लॉट एकाच डब्यात मिसळू नका, सरावासाठीसुद्धा नाही. उरलेल्या जुन्या गोळ्यांतून त्या दहा बाजूला काढा आणि चाचणीच्या काडतुसांसाठी लागणाऱ्या पंचेचाळीस-पन्नास राखून ठेवा. बाकीच्या येत्या सामन्यात वापरा, नवा लॉट सामन्यानंतर तपासा. आणि नवा लॉट पसंत पडला तर त्याच नंबरच्या गोळ्या बॅरलच्या उरलेल्या आयुष्याला पुरतील इतक्या घ्या. ६.५ क्रीडमोरचं बॅरल स्पर्धेच्या दर्जाची अचूकता साधारण दोन ते तीन हजार फैरींपर्यंत देतं, त्यामुळे तुमच्या बॅरलमधून आतापर्यंत किती फैरी गेल्या हे बघून हिशोब करा. डब्यावर लॉट नंबर छापलेला असतो. विक्रेत्याला तो आधी विचारून घ्या, कारण एकाच खोक्यातून आलेल्या दोन डब्यांवरही नंबर वेगळे निघतात.